येऊन राह्यला, बाप्पा!

चर्चचं नवं वर्ष 1 जानेवारीला सुरू होत नाही. 30 नोव्हेंबरच्या सगळ्यांत जवळ जो रविवार पडेल, त्या दिवशी ते सुरू होतं, आणि सुरू झाल्याबरोबर पहिलं काम काय, तर वाट बघणं. चार रविवार नुसती वाट बघायची. नाताळाआधीच्या या दिवसांना आगमनकाळ म्हणतात. ही कल्पना ज्याला सुचली तो माणूस वर्धा जिल्ह्यातला नव्हता, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं. आमच्याकडे पावसाची वाट बघून झाली की तो थांबायची वाट बघतात, मग कापूस फुटायची, मग भावाची, आणि मधल्या रिकाम्या वेळात एसटीची. फरक एवढाच की ख्रिस्ती मंडळींनी या प्रकाराला मेणबत्त्या लावल्या आणि शेवटची तारीख ठरवून टाकली. आमच्याकडे तारखेची पद्धत नाही.

पवनार हे वर्ध्याजवळ, नागपूरच्या रस्त्यावर, धाम नदीच्या काठचं गाव. बाहेरचे लोक इथे विनोबांच्या आश्रमासाठी येतात. इतिहासवाले वाकाटकांच्या प्रवरपुरासाठी येतात आणि राजधानी कुठे आहे असं विचारत गावातून हिंडतात. आगमनकाळासाठी मात्र कुणी येत नाही, कारण आमच्या आळीतल्या आगमनकाळाची सगळी जबाबदारी एकट्या सिस्टरवर आहे. सिस्टर म्हणजे निवृत्त नर्स. नोकरी सुटली तरी आळीचं ब्लडप्रेशर अजून त्यांच्याच ताब्यात आहे. दर रविवारी त्या वर्ध्याला चर्चला जातात आणि येताना आमच्यासाठी भाजी आणि थोडा धर्म घेऊन येतात.

सिस्टरचा नियम कडक. नाताळ 25 डिसेंबरला, त्याच्या आधी नाही. दुकानदारांना हे मान्य नाही. वर्ध्याच्या बाजारात दिवाळीच्या पणत्या उचलल्या की त्याच फळीवर लाल टोप्या येतात आणि डिसेंबर उजाडायच्या आत घंटावालं गाणं वाजायला लागतं. परवा शेजारच्या पोरानं मोठ्या उत्साहानं हाक मारली, “सिस्टर, हॅपी ख्रिसमस!”

“कायचा ख्रिसमस रे?” सिस्टर म्हणाल्या. “आला कुठं तो? येऊन राह्यला अजून.”

“मंग बाजारात काऊन आला?”

“बाजारात आंबेही मार्चमध्ये येते. तुह्या झाडाले लागते का?”

पोरगा गप्प झाला. गंमत अशी, की दुकानदार 26 तारखेला सकाळी तारे उतरवतात, आणि चर्चच्या हिशोबानं नाताळचा सण तेव्हा कुठे सुरू झालेला असतो. सिस्टरचा तारा 6 जानेवारीपर्यंत लटकतो. त्याबद्दल आळीत कुणाची तक्रार नाही, कारण बाकीच्यांच्या घरांवर दिवाळीचे आकाशकंदील तोवर तसेच असतात. तुळशीचं लग्न झालं की काढू, असं म्हणून ठेवलेले. आकाशकंदील काढायचा आळस हा आमच्या आळीतल्या सर्वधर्मसमभावाचा भक्कम पाया आहे.

या काळाची लांबी दर वर्षी सारखी नसते. कधी 28 दिवस, कधी 22. सन 2023 मध्ये 24 डिसेंबरला रविवार आला, म्हणजे चौथी मेणबत्ती सकाळी लावली आणि संध्याकाळी नाताळची तयारी. सिस्टरना हे अजिबात आवडलं नव्हतं. चौथ्या आठवड्याची वाट पूर्ण बघू दिली नाही, असं त्यांचं म्हणणं. आमच्या हिनं त्यांना सांगितलं, की आमच्याकडे अधिक महिना येतो तेव्हा पुष्कळ दिवस शिल्लक राहतात, त्यातले थोडे नेत जा.

मेणबत्त्यांची हकिकत ऐकण्यासारखी आहे. हिरव्या पाल्याचं चक्र, त्यात तीन जांभळ्या मेणबत्त्या आणि एक गुलाबी. दर रविवारी एक वाढवायची. गुलाबी तिसऱ्या रविवारची, कारण तो आनंदाचा रविवार. जांभळा रंग पश्चात्तापाचा, पण सलग चार आठवडे पश्चात्ताप माणसाला झेपत नाही, हे जुन्या धर्मगुरूंना माहीत असावं. या चक्राचा शोध हँबर्गमधला. योहान हिनरिख विखेर्न नावाचे एक पाद्री गरीब आणि बेघर मुलांचा आश्रम चालवत. ती मुलं डिसेंबर लागला की रोज विचारत, नाताळ आला का? रोज तोच प्रश्न, रोज तेच उत्तर. अखेर 1839 मध्ये विखेर्न यांनी बैलगाडीसारख्या एका गाडीचं जुनं लाकडी चाक घेतलं, त्यावर रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या आणि इतर दिवसांच्या वीस छोट्या लाल मेणबत्त्या बसवल्या आणि मुलांना सांगितलं, मोजा आता. त्या वर्षी पहिला रविवार नेमका 1 डिसेंबरला होता, म्हणून हिशोब चोवीसवर नीट बसला. पोरांच्या कटकटीतून निघालेला हा धर्माचार आज जगभर भक्तिभावानं पाळला जातो. आमच्या घरी पोरांनी पिच्छा पुरवला तर फक्त मोबाइल मिळतो.

हे चाकाचं ऐकल्यापासून सिस्टरनी ठरवलं, की आपल्यालाही चाकच पाहिजे. आता पवनारसारख्या गावात बंडीचं चाक म्हणजे काय मोठी गोष्ट, असं तुम्हाला वाटेल. पण बंड्या टायरच्या झाल्या, आणि उरलेली लाकडी चाकं हायवेवरच्या ढाब्यांनी नेली. तिथे त्यांच्यावर काच टाकून टेबलं केलीत, त्यावर लोक पनीर मसाला खातात. शेवटी पलीकडच्या काकाजींच्या गोठ्यात एक सापडलं. धाव गंजलेली, एक आरा मोडलेला. काकाजी शेतकरी माणूस, फुकट काही देणार नाहीत आणि सिस्टरकडून पैसे घेणार नाहीत, असा पेच. तोडगा निघाला तो असा, की सिस्टरनी महिनाभर त्यांचं ब्लडप्रेशर घरी जाऊन मोजायचं. ते मोजताना काकाजींना कापसाचा भाव विचारायचा नाही, ही अट सिस्टरची. भाव आठवला की वरचा आकडा चढतो.

मेणबत्त्यांविषयी माझी स्वतःची एक शंका आहे. मी ती सिस्टरकडे काढली नाही, कारण त्यांचा बीपीचा पट्टा फार घट्ट बसतो. शंका अशी, की जे. सी. कुमारप्पांना या मेणबत्त्या चालल्या असत्या का? कुमारप्पा म्हणजे आमच्या जिल्ह्याचे सगळ्यांत मोठे ख्रिस्ती. जन्म तंजावरचा, मूळ आडनाव कॉर्नेलियस, लंडनला शिकून झालेले हिशेबनीस, आणि गांधीजींच्या नादानं वर्ध्याच्या मगनवाडीत येऊन ग्रामोद्योग संघाचा संसार सांभाळणारे. संघ स्थापन झाला तोही 1934 च्या डिसेंबरात. घाण्याचं तेल, हातकागद, मधमाश्या, असा त्यांचा कारभार. येशूच्या शिकवणीवर त्यांनी पुस्तक लिहिलं आणि गावाच्या अर्थशास्त्रावरही, आणि दोन्ही वाचली तर हिशोब एकाच वहीत लिहिल्यासारखा वाटतो. घासलेट बाहेरून येतं म्हणून मगनवाडीत गोड्या तेलावर जळणारा कंदील तयार केला गेला, मगनदीप त्याचं नाव. आता बाजारातली मेणबत्ती बनते पॅराफिनची, आणि पॅराफिन निघतं खनिज तेलातून. कुमारप्पा पहिल्या रविवारी सिस्टरकडे आले असते तर आशेची मेणबत्ती पेटायच्या आधी तिचा ताळेबंद मांडला गेला असता. चौथ्या रविवारपर्यंत चाकावर चार मगनदीप दिसले असते, आणि जांभळा रंग कशापासून काढला याची चौकशी चालू राहिली असती.

उपासाचं प्रकरण नाजूक आहे. पाचव्या शतकात फ्रान्समधल्या तूर शहराचे बिशप पर्पेतुअस यांनी फर्मान काढलं, की 11 नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणापासून नाताळपर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपास करावा. पुढे युरोपातल्या लोकांनी त्यातला उपास हळूहळू काढून घेतला आणि केक ठेवला. सिस्टर अजून शुक्रवार पाळतात. इकडे आमचा मार्गशीर्ष बहुतेक त्याच सुमारास येतो. घरी दर गुरुवारी महालक्ष्मीचा घट, हिचा उपास. म्हणजे गुरुवारी आमची चूल मंद आणि शुक्रवारी सिस्टरची. दोघींनी एकमेकींना फराळ पोचवायचा असा करार झाला. परिणाम असा, की गुरुवारी सिस्टरकडून आमच्याकडे साबुदाण्याची उसळ येते, शुक्रवारी आमच्याकडून त्यांच्याकडे भगर आणि दाण्याची आमटी जाते, आणि उपास नसलेला मी दोन्ही दिवस दोन्ही घरचं खातो. पर्पेतुअस यांना हा परिणाम अपेक्षित नसावा.

लग्नाचं मात्र जमत नाही. जुन्या चर्चच्या रीतीनं या काळात लग्नाचा थाटमाट वर्ज्य, आणि आमच्याकडे तुळशीचं लग्न लागलं की डीजेवाल्यांचा हंगाम सुरू. सिस्टर दुसऱ्या रविवारी शांतीची मेणबत्ती लावायला बसल्या की बाहेरून वरात जाते. त्या दरवाजा लावून घेत नाहीत. काडी हातात धरून वरात पुढे जायची वाट बघतात. नवरदेव ओळखीचा असला तर बाहेर येऊन, लेका, आवाज कमी करायला सांग, तुह्या आजीचं हार्ट मी पाह्यलं आहे, एवढं ऐकवून परत जातात.

दुसऱ्या रविवारीच बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाची गोष्ट वाचतात, आणि त्याच्यामागे यशया संदेष्टा उभा असतो. त्याचं सांगणं थोडक्यात असं, की प्रभू येणार आहे, तेव्हा रानातून सडक काढा, खोलगट भाग भरून घ्या, टेकड्या उतरवा, वळणं काढून टाका. हे वाचन ऐकून येरुशलेममधल्या लोकांना काय वाटलं असेल कोण जाणे, पण आम्हाला ते बांधकाम खात्याचं परिपत्रक वाटतं. कारण 1953 च्या नागपूर करारात दिलेल्या शब्दाप्रमाणे विधिमंडळाचं अधिवेशन दर वर्षी नागपूरला भरतं, आणि ते बहुतेक नेमकं डिसेंबरात. मंत्री येणार म्हटलं की खोलगट भाग भरले जातात, दुभाजकाला काळा-पिवळा रंग लागतो आणि जिथे खड्डा होता तिथे थोडी उंच टेकडी तयार होते. प्रभूच्या येण्यासाठी यशयानं जी कामं सुचवली, ती आमच्याकडे दर हिवाळ्यात निविदा काढून होतात.

एकदा तर हिशोब अगदी जुळला. समृद्धी महामार्ग आमच्या वर्धा जिल्ह्यातून जातो. त्याच्या नागपूर ते शिर्डी या 520 किलोमीटरच्या पहिल्या टप्प्याचं उद्घाटन 11 डिसेंबर 2022 ला झालं. तो रविवार होता, आणि तोही आगमनकाळाचा तिसरा, म्हणजे गुलाबी मेणबत्तीचा, आनंदाचा! उद्घाटनाच्या अधिकाऱ्यांनी चर्चचं पंचांग पाहिलं असण्याची शक्यता कमी आहे. पूर्ण 701 किलोमीटर व्हायला मग 2025 चा जून उजाडला. टप्प्याटप्प्यानं येणं आम्हाला नवीन नाही. आगमनकाळाचंही तेच आहे. सिस्टर सांगतात, यात नुसती बाळाची वाट नसते, प्रभूच्या दुसऱ्या येण्याचीही असते. पहिला टप्पा पूर्ण, दुसऱ्याची तारीख जाहीर नाही, आणि ती कुणालाही माहीत नाही असं शुभवर्तमानातच स्पष्ट म्हटलेलं आहे. एवढा प्रामाणिकपणा आम्ही आजवर कुठल्याही प्रकल्पात पाहिलेला नाही.

वाट बघण्याच्या क्षेत्रात मी आणखी एका नोंदीपुढे मान झुकवतो. उत्तर भारतातल्या प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र याव्यात म्हणून बोलणी सुरू झाली 1929 ला. कुणाचा बाप्तिस्मा बाळपणी, कुणाचा मोठेपणी, कुणाला बिशप हवा, कुणाला नको. चहा होत राहिले, बैठका होत राहिल्या, मधे देश स्वतंत्र झाला. अखेर सहा मंडळ्यांची मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली ती 29 नोव्हेंबर 1970 ला, आणि कुठे, तर आमच्या नागपुरात, ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये. दिवस होता आगमनकाळाचा पहिला रविवार. 41 वर्षं थांबून वाट बघण्याच्याच दिवशी मुहूर्त साधला! एकत्र यायला 41 वर्षं लागली. वेगळं व्हायला किती लागतात, हे विदर्भवाद्यांना विचारा. फाजल अली आयोगानं स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली होती 1955 मध्ये. त्या मेणबत्तीचं मेण केव्हाच वितळलं, वात तेवढी शिल्लक आहे.

आता पवनारात राहून विनोबांना टाळून लिहिता येत नाही, आणि या विषयात टाळायची गरजही नाही. ज्या माणसानं ‘ख्रिस्तधर्म-सार’ काढला, आणि ज्याच्या नाममालेत नारायणाच्या पंगतीला येशूचा पिताही बसला आहे, त्याच्या गावात नाताळ पाहुणा म्हणून येत नाही. विनोबांनी 25 डिसेंबर 1974 ला पवनारात एक वर्षाचं मौन धरलं. त्या दिवशी नाताळ होता आणि गीताजयंतीही. सिस्टरना हा योगायोग वाटत नाही. त्यांच्या मते विनोबांना जखऱ्या ठाऊक होता. हा जखऱ्या म्हणजे योहानाचा बाप, म्हातारा याजक. म्हातारपणी मूल होणार असं देवदूतानं सांगितलं, यानं विश्वास ठेवला नाही, म्हणून बाळाचं नाव ठेवेपर्यंत त्याची वाचा गेली. नावसुद्धा त्यानं पाटीवर लिहून दाखवलं. ही गोष्ट नाताळच्या तोंडावर चर्चमध्ये वाचतात. फरक आहेच. जखऱ्याचं मौन शिक्षेचं आणि विनोबांचं स्वखुशीचं. पण दोघांच्या दाराशी माणसं सारख्याच उत्सुकतेनं बसली असणार. विनोबांच्या वर्षात तर मधेच आणीबाणी आली, आणि अख्खा देश पवनारकडे कान लावून बसला, तेही नेमकं विनोबा बोलत नसताना. जखऱ्याच्या बायकोला, अलिशिबेला, नवऱ्याच्या मौनाबद्दल काय वाटलं हे कुणी लिहून ठेवलं नाही. हिचं मत मी विचारलं. ती म्हणाली, नऊ महिने म्हणजे थोडेच झाले.

डिसेंबराच्या मध्यावर सिस्टरची गव्हाणी मांडायला सुरुवात होते. मरीया, योसेफ, मेंढपाळ, मातीची गाय. गव्हाणीत कुटार पसरतात, पण बाळ ठेवत नाहीत. बाळ 24 च्या रात्री. तोवर ते कपाटात, सिस्टरच्या नोकरीच्या काळातल्या गॉझमध्ये गुंडाळलेलं असतं. पोरं येऊन रिकाम्या गव्हाणीत डोकावून जातात आणि सिस्टरना मुलगा की मुलगी असं विचारतात.

गव्हाणीवर बर्फ लागतो. बेथलेहेमला त्या रात्री बर्फ पडल्याचं शुभवर्तमानात कुठे लिहिलेलं नाही, पण विलायतेतून आलेल्या शुभेच्छापत्रांनी तो पाडला आणि तेव्हापासून तो पडतोच आहे. जगभर लोक त्यासाठी कापसाच्या पुड्या विकत आणतात. आमच्या जिल्ह्यात हा बर्फ शेतात उगवतो. सिस्टर काकाजींकडे गेल्या. काकाजींच्या पुढच्या खोलीत कापूस आढ्यापर्यंत भरलेला, घरची माणसं ओसरीत झोपतात आणि रात्रभर अंग खाजवतात. भाव येईपर्यंत विकायचा नाही, हा त्यांचा पण.

“किती पायजे बाई?”

“अर्धा किलो द्या जी. बर्फ करायचा आहे.”

“सरकी काढून का सरकीसगट?”

“सरकीसगट टाकला तं गारपीट दिसन ना ते.”

“मंग पंचनामा करून घ्या,” काकाजी म्हणाले, “मेंढपाळायले काही तरी भेटन.”

त्यानंतर येते ती गाणाऱ्यांची फेरी. वर्ध्याच्या चर्चची तरुण मंडळी घरोघर नाताळची गाणी म्हणत फिरतात. पवनारला सिस्टरचं घर शेवटचं. वेळ कळवलेली असते आठची. सिस्टर साडेसातपासून चहाचं आधण ठेवून, करंज्या-शंकरपाळ्यांचे डबे उघडून बसतात, आणि त्यांच्याबरोबर आळीही बसते. नऊ वाजतात. फोन केला की उत्तर येतं, निघालो जी. दहा वाजतात. निघालो जी. काकाजी घोंगडी पांघरून ओट्यावर बसलेले. त्यांना गाण्याशी कर्तव्य नाही, पण कुणीतरी येणार आहे म्हटल्यावर घरात बसवत नाही.

अखेर अकराच्या पुढे एक मालवाहू ऑटो आला. त्यातून ढोलकी, पेटी, खंजिरी आणि थंडीनं काकडलेली पोरं उतरली. गाणी मराठी, चाली भजनाच्या, आणि खंजिरी वाजायला लागली की विदर्भातला माणूस धर्म विचारत नाही, टाळी धरतो. मागून लाल झग्यात सांताक्लॉज उतरला. वयानं विशीतला, पोटाला उशी बांधलेली, आणि दाढी कापसाची. पोरांना गोळ्या वाटत वाटत तो ओट्यापाशी आला तेव्हा काकाजींनी त्याला थांबवलं. दाढीचा एक पुंजका दोन बोटांत धरला, ओढून लांबवला, ऑटोच्या दिव्यासमोर नेऊन पाहिला.

“कुठचा आहे हा?”

“हिंगणघाटचा जी,” सांता म्हणाला. “मामाच्या वावरातला.”

“धागा आखूड आहे. अन् ओल लय आहे.”

“चहा सांडला जी त्याच्यावर. तिकडं एका घरी.”

“वाळव. असा नेला तं ग्रेडरच उभा नाही करणार तुले.”

“मामानं अजून विकला नाही जी काकाजी. घरीच भरून ठेवला आहे. यंदा भाव येईन का हो?”

“येईन म्हणते,” काकाजी म्हणाले आणि करंजीचा डबा त्याच्याकडे सरकवला. “संक्रांतीनंतर.”